पणजोबांचा फाऊल

सिंगापुरात पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीचे गोलकीपरचे ओले ग्लव्हज वाळत होते. त्या घामट वासाने मला १९८० सालचं पुण्यातलं आमचं अंगण आठवलं. तरुणपणी गोलकीपर असलेले, तेव्हा नव्वदीचे पणजोबा हट्टाने गोलमध्ये उभे होते. चेंडू येताच ते अंगणाच्या मध्यापर्यंत आले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

"फाऊल, आजोबा!" काका ओरडला.

"आमच्या वेळी गोलकीपरला अर्ध्या मैदानापर्यंत हात लावता यायचा."

"काय थापा मारता!"

सगळे हसले. पणजोबा चेंडू ठेवून खुर्चीत जाऊन बसले. ते दमले असावेत, असं तेव्हा वाटलं.

माझ्याकडून हे ऐकून लेकीने जुने नियम शोधले: १९१२ पर्यंत गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येत असे. "बाबा, ही वॉज नॉट ब्लफिंग, लाह!"

मी लगेच काकाला फोन लावला. तो नियम त्याला वाचून दाखवला. मग तो म्हणाला, "फाऊल मागे घेतो रे."