डावीकडची खुर्ची

सामन्याच्या दिवशी सकाळी सरांना जे होतं, त्याला वर्तमानपत्रं एकाग्रता म्हणतात. घरात त्याला भीती म्हणतात, कारण घरात त्यांची बायको असते आणि तिची सगळी नोकरी इस्पितळात परिचारिका म्हणून गेली आहे. तळव्यांना घाम, जीभ कोरडी, घास तोंडात घोळत राहिलेला. ती समोर बसून त्यांचं मनगट धरते, घड्याळाकडे बघत नाडी मोजते आणि म्हणते, "अहो, सोडा ना हे काम." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ती हे म्हणत आली आहे. त्यामुळे आता त्याचा अर्थ फक्त ‘छत्री घेतलीत का’ इतकाच उरला आहे.

सर हे गावच्या फुटबॉल क्लबचे मुख्य प्रशिक्षक. क्लब दुसऱ्या श्रेणीत, आणि तिथेही तळाशी, भिंतीला लावलेल्या जुन्या पोस्टरसारखा दोन कोपऱ्यांवर तग धरून. कपाटात एक चषक आहे, पण तो कॅरमचा. सरांचं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्या शेजारी सहायक म्हणून बसलेला माणूस पुढे मोठा होतो. एक पहिल्या श्रेणीतला संघ सांभाळतो, दुसरा परदेशात गेला आणि तिथे त्याच्या नावाने टोप्या विकल्या जातात. तिसऱ्याला सगळे टाचणी म्हणतात. हा शिडशिडीत, बोलायला टोकदार. त्याने तिसऱ्या श्रेणीतला एक संघ उचलून दुसरीच्या शेंड्यावर नेऊन ठेवला. ‘तुम्ही यांना शिकवता तरी काय?’ असं पत्रकार विचारतात. सर हसतात. ते हसूही विनयाच्या खात्यात जमा होतं.

खरं असं की सरांनी त्यांना काहीच शिकवलं नव्हतं. आठवडाभर सर ठीक असत. सराव घेत, कोणाचा गुडघा कधी दुखतो ते न सांगता ओळखत. पण शिट्टी वाजून सामना सुरू झाला आणि काहीतरी ठरवायची वेळ आली, की त्यांचं डोकं शाळा सुटल्यानंतरच्या वर्गासारखं होई. कोणाला काढायचं, कोणाला घालायचं, काहीही केलं तरी ते चुकणार आणि सगळ्यांच्या देखत चुकणार. अशा वेळी ते मान डावीकडे वळवत. डावीकडच्या खुर्चीत सहायक बसलेला असे. सर हळू आवाजात विचारत, "तू काय म्हणतोस?"

पहिल्यांदा सहायक दचके. मग बघू लागे. मग बोले. सर मान डोलावत आणि तो म्हणाला तसं करत. चुकलं तर शिव्या सर स्वतः खात, त्याचं मात्र त्यांना कधी काही वाटलं नाही. भीती ठरवण्याची होती, शिव्यांची नव्हती. अशी तीन-चार वर्षं गेली की त्या खुर्चीत बसलेला माणूस ढीगभर निर्णय घेऊन, एकदाही बदनाम न होता, तयार झालेला असे. मग मोठे क्लब येऊन त्याला घेऊन जात, आणि सर नव्या माणसाला त्या खुर्चीत बसवत.

सहायकांना वाटे, ही परीक्षा आहे. "सरांना उत्तर आधीच माहीत असायचं," असं टाचणीने एका मुलाखतीत सांगितलं होतं. ते वाचून सर दिवसभर जेवले नव्हते.

हंगामाचा शेवटचा सामना नेमका टाचणीच्या संघाशी आला. टाचणी जिंकला तर पहिल्या श्रेणीत जाणार. सरांना बरोबरी पुरेशी होती, पण हरले तर क्लब खाली. अध्यक्ष आदल्या दिवशी म्हणाले होते, "सर, खाली गेलो तर सगळ्यांनाच दुसरं काही बघावं लागेल." सगळ्यांना म्हणाले होते, पण त्यांचा हात एकाच खांद्यावर होता.

मैदान जुनं. दोन्ही संघांचे बाक एकाच पत्र्याच्या छपराखाली, मध्ये प्लायवूडचा पडदा. सरांच्या डावीकडे सहायकाची खुर्ची, खुर्चीपलीकडे प्लायवूड, प्लायवूडपलीकडे टाचणी. सध्याच्या सहायकाला भोंगा म्हणतात, आवाजावरून. मध्यंतरानंतर लाइनमनने एक ऑफसाइड दिला, त्यावर भोंग्याने लाइनमनच्या चष्म्याविषयी, मग नजरेविषयी, मग आणखी खासगी बाबींविषयी मत मांडलं. पंच धावत आले आणि त्यांनी लाल कार्ड काढलं.

"सर, मी काय वाईट बोललो?" भोंगा म्हणाला.

"जा बाबा," सर म्हणाले.

भोंगा कपडे बदलायच्या खोलीकडे जाणाऱ्या बोगद्यातून आत गेला. खुर्ची रिकामी झाली. सरांनी तिच्याकडे पाहिलं.

दोघांचाही गोल झालेला नव्हता. टाचणीचा संघ एकाच बाजूने येत होता. सरांच्या डाव्या बाजूने, जिथे कप्तान बचावाला होता. कप्तान म्हणजे गावाचा लाडका. त्याचं चित्र न्हाव्याच्या दुकानात होतं. तो आज प्रत्येक वेळी एक पाऊल उशिरा पोचत होता. उशीर त्याच्या पायांत होता की सरांच्या डोळ्यांत, ते सरांना ठरवता येईना. काढावं, तर गाव अंगावर येईल. ठेवावं, तर... छपराचा पत्रा वाऱ्याने कडकडत होता. सरांच्या कानात त्याहून मोठा आवाज त्यांच्याच रक्ताचा होता. चेंडू पुन्हा त्याच बाजूला गेला, कप्तान पुन्हा मागे पडला, गोलरक्षकाने कसाबसा पंजा लावला.

सरांनी मान डावीकडे वळवली आणि रिकाम्या खुर्चीला विचारलं, "तू काय म्हणतोस?"

"कप्तानाला काढा, सर," उत्तर आलं. "पाय संपलेत त्याचे. आम्ही तिथूनच घुसतोय."

आवाज प्लायवूडपलीकडून आला होता. कोणीतरी खोकलं. पडद्याच्या कडेने टाचणीचं तोंड दिसलं, पिठात बुडवल्यासारखं पांढरं.

सरांना पहिला विचार आला तो हाच, की हा डाव आहे. कप्तानाला काढायला लावून हा आपली बाजू उघडी पाडणार. दुसरा विचार आला, की मी असं समजेन हे त्याला ठाऊक असणार, म्हणजे ते खरं असणार. तेवढ्यात त्यांना टाचणीचा हात दिसला. तो स्वतःच्या कानाची पाळी ओढत होता, लाल होईपर्यंत. चार वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं एवढं सरांना माहीत होतं: नको ते खरं तोंडातून निसटलं की टाचणी कान ओढतो. खोटं बोलताना त्याचे हात खिशात असतात.

सरांनी राखीव बचावपटूला उठवलं. त्याच्याच खांद्याला धरून ते स्वतःही उभे राहिले. फलकावर कप्तानाचा नंबर लागला तेव्हा गाव ओरडलं. कप्तान सरांच्या हाताला हात न लावता गेला आणि दंडावरची पट्टी चिखलात टाकून गेला. नवा बचावपटू दिसायला काही खास नव्हता. पण दमलेला नव्हता. चेंडू आला की तो थेट प्रेक्षकांत भिरकावत होता. टाचणीच्या माणसांना ती बाजू पुन्हा सापडली नाही. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

टाचणी सरांना बोगद्यातल्या नळाशी भेटला. त्याचे मालक बाहेर गाडीपाशी थांबले होते, आणि ते प्रेमाने थांबले नसावेत.

"सर, मुद्दाम विचारलंत ना?"

सरांनी नळ बंद केला. हो म्हटलं तर आपण थोर ठरतो. नाही म्हटलं तर इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडतं.

"नाही रे," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं काय करायचं. तेव्हाही कधी माहीत नसायचं. म्हणून विचारायचो."

टाचणी हसला. "तुम्ही काही सुधारणार नाही, सर. अजून परीक्षा चालूच." आणि वाकून नमस्कार करून तो मालकांना भेटायला गेला. जाताना त्याचा हात पुन्हा कानाकडे गेला होता.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे दोन वर्षांची मुदतवाढ जाहीर केली. सरांना टाळ्यांत ऐकू आलं ते फक्त ‘दोन वर्षं’.

गर्दी पांगल्यावर भोंगा आला. नेहमीपेक्षा हळू बोलला, म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकंच. "सर, एका क्लबचं बोलावणं आलंय. मुख्य प्रशिक्षक म्हणून. काय करू?"

सरांच्या जिभेवर जुने तीन शब्द आले. त्यांनी ते गिळले. "जा," म्हणाले. आयुष्यात इतक्या झटपट त्यांनी काही ठरवलं नव्हतं, आणि ठरवल्याबरोबर त्यांना दरदरून घाम फुटला.

घरी बायकोने तोंडाकडे बघूनच खुर्ची पुढे ओढली आणि मनगट हातात घेतलं.

"हरलात?"

"बरोबरी. दोन वर्षं वाढवली. भोंगा चाललाय. डावीकडे आता कोणी नाही." ते थांबले. ती त्यांच्या डाव्या हाताला बसली होती. "तू काय म्हणतेस?"

"बोलू नका," ती घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. "मोजतेय."