सातव्या पानावरची खूण

माणसांना फॉर्म भरता येत नाही, आणि शिकलेल्यांना तर अजिबात येत नाही, असं फॉर्मवाल्या ताईंचं एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतरचं ठाम मत होतं. मूल होत नाही म्हणून जोडपी जिथे येतात, त्या दवाखान्यात त्या काउंटरवर बसत. एखादा इंजिनिअर नवऱ्याच्या रकान्यात बायकोचं नाव लिहायचा, प्राध्यापकबाई जन्मतारखेच्या जागी आजची तारीख टाकायच्या, आणि "इथे सही करा" असं ठळक छापलेलं असताना "इथेच करू का?" असं विचारणारे तर रोज चार. ताईंचं डोकं उठायचं.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. दुपारी गर्दी ओसरली की कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा आणि जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवायची. लोक फुली बघून गपगुमान सही करत. सुंठीवाचून खोकला गेला.

अडचण फक्त सातव्या पानाची. उपचारात चार-सहा गर्भ तयार होतात, एखाददुसरा पोटात सोडतात, बाकीचे टाकीत गोठवून ठेवतात. मूल झाल्यावर त्या उरलेल्यांचं काय करायचं, हे सातवं पान आधीच विचारून ठेवी. आम्हालाच ठेवा, दुसऱ्या जोडप्याला द्या, संशोधनाला द्या, की नष्ट करा. चार चौकोन, एकात खूण. आता ज्यांनी अजून एका मुलाचं तोंड पाहिलेलं नाही, त्यांनी उरलेल्यांचा विचार करावा तरी कसा? नवरा बायकोकडे बघे, बायको ताईंकडे. सगळे काय करतात हो, ताई? मागे रांग वाढलेली, फोन वाजतोय. ताई सांगत, तिसऱ्यात करा, पुढे कुणी विचारत नाही. मग तेही सांगायचा कंटाळा आला, आणि तिसऱ्या चौकोनातही पेन्सिलीची खूण आधीच पडू लागली. लोक तीच पेनाने गिरवत. नंतर ताई खोडरबराने पेन्सिल पुसून टाकत, कामात त्या भारी नीटनेटक्या. खाली साक्षीदार म्हणून सहीही त्यांचीच, "वरील मजकूर माझ्यासमक्ष वाचून समजावून सांगितला".

मग वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा आली आणि एक तरुण डॉक्टरीण आली. तिला उरलेल्या गर्भांतून स्टेम सेल, म्हणजे कुठल्याही अवयवाच्या होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, काढायच्या होत्या, त्यांच्यापासून डोळ्याच्या पडद्याच्या पेशी वाढवायच्या होत्या, म्हणजे नजर जात चाललेल्यांना पुढेमागे उपयोग होईल. पेशी काढल्या की तो गर्भ उरत नाही, हेही तिने न लपवता सांगितलं. ताईंना पोरगी आवडली.

असल्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीने मात्र पाच महिने काथ्याकूट केला. एक म्हणे हा जीव आहे, दुसरा म्हणे खसखशीएवढाही नाही. ताई कागद पोचवायला आत जात आणि वैतागून बाहेर येत. शेवटी परवानगी मिळाली, कारण सगळ्यांची संमती होती. एकेचाळीस जोडपी, एकेचाळीस खुणा, सगळ्या संशोधनाच्या चौकोनात. समितीचे अध्यक्ष भारावून म्हणाले म्हणे, की माणसं किती उदार असतात. डॉक्टरीणबाई आनंदाने खाली धावत आल्या. आता एवढंच राहिलं होतं की साक्षीदाराने लिहून द्यायचं, सगळ्यांना वाचून समजावलं होतं म्हणून.

ताईंना त्यांच्या सवयीप्रमाणे आधी राग आला. अध्यक्षांचा आला, एकेचाळीस माणसांचं कधी खिडकीच्या पडद्याच्या रंगावर तरी एकमत होतं का? असला फॉर्म छापणाऱ्या, दवाखान्याच्या मालकीण मोठ्या मॅडमचा आला. दाखवाल तिथे गिरवणाऱ्या लोकांचा आला. घरी नवरा म्हणाला, एवढ्या सह्या केल्यास, अजून एक कर, तेव्हा त्याचाही आला. मग रागवायला कुणी उरलं नाही आणि ताईंना रात्रभर स्वतःचीच चीड येत राहिली.

सकाळी त्या जिना चढून वर गेल्या.

"डॉक्टर, त्या खुणा माझ्या आहेत," त्या म्हणाल्या.

मोठ्या मॅडमचं म्हणणं, सही ती सही, हात दाखवून अवलक्षण कशाला? डॉक्टरीणबाईंनी मात्र एकेचाळीस फॉर्मांचा गठ्ठा बाजूला सारला. तीन वर्षांचं काम होतं त्यांचं. मग म्हणाल्या, ज्यांनी दिलेच नाहीत त्यांचे मी घेणार नाही, सगळ्यांना पुन्हा विचारा.

विचारणार कोण? ताईच. फोन करून करून नाकी नऊ आले. एक नवरा हो म्हणाला आणि मागून बायको नाही म्हणाली. एकाने विचारलं, आमची तिथे अजून काही बाकी आहे का? एका बाईने हसत हसत दिले, दुसरी हुंदका देऊन नाही म्हणाली. एका जोडप्याचा घटस्फोट झाला होता, दोघांनी दोन वेगळे चौकोन सांगितले. ताईंनी कपाळाला हात लावला.

सोळावा फोन एका शिक्षिकेला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पण मी तर तेव्हाच दिले होते ना, ताई? दोन होते. मुलगा पहिलीत गेला त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांचा निरोप घेतला. म्हटलं, कुणाच्या तरी कामी आले असतील."

ताईंनी सांगितलं की दोन्ही अजून टाकीतच आहेत, ती खूण आपण केली होती, आणि आता ठरवायचं ते तिनेच.

पलीकडून हळू आवाज आला, "आता मी काय करू? तुम्हीच सांगा."

उत्तर ताईंच्या जिभेवर तयार होतं, एकोणीस वर्षांच्या सवयीचं. वर ती पोरगी वाट बघत होती, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते गिळलं.

"ते मला नाही सांगता येणार, बाई."

"तेव्हा बरं सांगता आलं," शिक्षिका म्हणाली.

काउंटरपुढे रांग वाढली होती, कुणीतरी "इथेच सही करू का?" म्हणून विचारत होतं. ताईंनी कोरं सातवं पान पुढ्यात ओढलं आणि फोनवर पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला लागल्या.