कॅलेंडरातली विजयमाला

राहात्यात कानिफनाथअण्णांची पेरूची बाग होती. माणूस अबोल, पण फार नीटनेटका. दुसऱ्याच्या ओसरीवर गेले तरी चपला जोडून, टाचा भिंतीकडे करून ठेवायचे. त्यांची मुलगी विजयमाला माझ्या हाताखाली शिकली. मॅट्रिकनंतर तिने नगरला टायपिंग केले आणि मुंबईत मावशीकडे राहून एका विमान कंपनीच्या कचेरीत नोकरी धरली. त्यावरून भावकीने अण्णांना पुष्कळ ऐकवले. पुढे खर्ड्याच्या गोरक्षनाथ पाटलांच्या मुलाशी तिची सुपारी फुटली, तेव्हा कुठे ती तोंडे बंद झाली. लग्न वैशाखात धरले होते.

एकाहत्तर सालच्या जानेवारीत अण्णा दाढीला रंगनाथच्या दुकानात बसले. साबण लावून झाला आणि समोरच्या आरशात त्यांना आपली मुलगी दिसली. ते गर्रकन मागे वळले.

"अण्णा! कान ग्येला आसता की!" रंगनाथने वस्तरा वर धरला.

मागच्या भिंतीवर नवे कॅलेंडर होते. विमानाचा आतला भाग. मखमली खुर्च्या, खाली गालिचा, खिडकीत पांढरेशुभ्र ढग. सुटातला एक गृहस्थ पाय लांब करून रेललेला आणि रेशमी साडीत, केसांत मोगरा माळून, हसत हसत त्याच्या हातात पेला देणारी विजयमाला. खाली छापले होते, 'आमच्या विमानात आपण राजे आहात.'

"मेव्हन्यानं मुंबईवरनं धाडलं," रंगनाथ चाचरत म्हणाला. "म्या म्हनलं, तुमास्नी ठावं आसंल."

"काढ त्ये."

"ऱ्हाऊ द्या की, अण्णा," बाकावरचा एकजण म्हणाला. "गिऱ्हाईक वाढलंय त्याचं. आता ज्याला त्याला रोज दाढी करायचीय!"

बाक हसला. अण्णा अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन घरी आले. त्यांचा चेहरा पाहून पत्नी मालनबाईंना वाटले कुणी गेले. हकिकत ऐकल्यावर त्यांनी एकच विचारले, "प्याल्यात काय हुतं?"

तेच कॅलेंडर नगरच्या एका कापडदुकानात गोरक्षनाथांनीही पाहिले. त्यांचा निरोप आला, पोरीला बोलावून घ्या, आम्ही येतोय. विजयमाला मुंबईहून आली. पाटील जीप करून आले. मधला माणूस म्हणून मलाही बोलावले होते.

"फोटू हाय, पाव्हनं," गोरक्षनाथ बसता बसताच म्हणाले. "चित्र आसतं तर म्हनलो आसतो, कुनी मनानं काडलं. फोटू घडल्याबिगर निघत न्हाई."

आमच्याकडे फोटो निघायचा तो लग्नात, नाहीतर माणूस गेल्यावर. त्यामुळे त्यांचे बोलणे कुणालाच वावगे वाटले नाही.

विजयमाला दारातून पुढे आली. "मामा, ते विमान नाही. स्टुडिओत प्लायवूडचं उभं केलेलं आहे. ढग कापसाचे. ते गृहस्थ आमच्या हिशेब खात्यातले, अन् पेल्यात कोकम सरबत. खरी हवाईसुंदरी आजारी पडली म्हणून मला उभं केलं. साडीसुद्धा संध्याकाळी परत घेतली."

"म्हंजी तू इमानात..."

"मी अजून विमानाची पायरीही चढले नाही."

माजघरात कुणीतरी "अगं बया!" म्हणाले. मी अण्णांकडे पाहिले. इतके दिवस हा माणूस संतापाने धड जेवत नव्हता, पण आत्ता त्याचा चेहरा पडला तो निराळ्याच कारणाने. आपली पोर ढगांवर फिरते, हे त्यांनी मनात कुठेतरी जपून ठेवले होते.

"कापूस?" ते हळूच म्हणाले.

गोरक्षनाथ मात्र मांडीवर थाप मारून हसले. "मंग मिटलं की! पोरगी जमिनीवरच हाय. वैशाखात बार उडवू. फकस्त नोकरी सोडायची आन् पुन्यांदा इमानाचं नाव काडायचं न्हाई."

"मामा, ते जमणार नाही," विजयमाला म्हणाली. "खऱ्या विमानातल्या कामासाठी मी अर्ज केलाय. फाल्गुनात मुलाखत आहे. लग्न झालेली मुलगी ते घेत नाहीत."

फुटलेली सुपारी मुलीने स्वतःच्या तोंडाने मोडल्याचे आमच्यापैकी कुणी ऐकलेले नव्हते. गोरक्षनाथांचे हसू तसेच चेहऱ्यावर राहून गेले.

"पाव्हनं, तुमी बोला. तुमचा सबूद शेवटचा."

अण्णा अंगठ्याने जमीन टोकरत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या तिला मुलाकतीला."

पाटील चहा न घेता उठले. अण्णा रीतीप्रमाणे त्यांना जीपपर्यंत पोचवून आले. मालनबाई रडत होत्या. विजयमाला दाराशी उभी होती, पांढरीफटक. अण्णा तिच्याजवळ थांबले.

"वर ग्येल्यावर कान दुखत्यात म्हनं. खरं हाय का?"

"मला काय माहीत, अण्णा?"