खाटेवरून दिसलेली योग्य परिचारिका

बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळी साडेसातला मी कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये बसून सहा हेडसेट स्पिरिटच्या कापसाने पुसत होते. हे काम खरं तर लॅबच्या मावशींचं. पण आदल्या आठवड्यात त्यांनी एका हेडसेटच्या काचेवर फिनेलचं फडकं फिरवलं, आणि तेव्हापासून मी कोणाला हात लावू देत नव्हते. डोळ्यांभोवतीच्या स्पंजमध्ये चाळीस मुलींचं काजळ, पावडर आणि खोबरेल तेल मुरलं होतं. कापूस काळा व्हायचा, मी तो फेकायचे, नवा घ्यायचे.

हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा डबा. तो बांधला की समोरची खोली नाहीशी होते आणि दुसरीच दिसायला लागते. मान वळवली की चित्रही वळतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला जग कसं दिसतं, हे नर्सिंगच्या मुलींना आतून कळावं म्हणून कॉलेजने ते आणले आणि बावीस वर्षांच्या शिकवण्याच्या अनुभवामुळे माझ्या गळ्यात घातले. मी आनंदाने घेतले. मला स्वतःला यातून शिकण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे मुलींकडे नीट लक्ष देता येईल असा माझा हिशोब होता.

पहिल्याच दिवशी अडचण आली ती अंबाड्याची. आमच्या मुलींचा अंबाडा जाळीत, मानेच्या वर, एकही केस बाहेर न येता असावा लागतो. हा नियम मी रोज सकाळी दारात उभी राहून पाळायला लावते. हेडसेटचा पट्टा त्या अंबाड्यावरून उतरेना. शेवटी मीच सांगितलं, "सोडा केस." पूर्ण वर्ग माझ्याकडे बघत राहिला. एकीने तर विचारलं, "मॅडम, खरंच? का परीक्षा घेताय?"

हेडसेटसोबत आलेली तयार फिल्म परदेशातली होती. त्यात आपण एक म्हातारी बाई असतो आणि आपल्याला चहा करायचा असतो. लाकडी जमीन, खिडकीबाहेर बर्फ, आणि आतल्या खोलीतून इंग्रजीत बोलणारी मुलगी. पाच मिनिटांत मुलींचा गोंधळ सुरू झाला.

"मॅडम, गॅस कुठाय?"

"मॅडम, सगळ्या फळ्यांवर नुसत्या बश्याच. पातेलंच नाही."

"मॅडम, मी काही विसरले नाहीये. मला हे घरच माहीत नाही."

मी स्वतः घालून बघितलं. चार मिनिटं लायटर शोधला आणि सराव-पुतळ्याच्या खाटेवर गुडघा आपटला. संध्याकाळी अहवालात लिहिलं, 'अनुभव परिणामकारक.' गुडघ्यापुरतं ते खरंही होतं.

तेव्हा ठरवलं की आपली फिल्म आपणच करायची. आणि इथे मला त्या मुलीबद्दल सांगावं लागेल.

ती घोटीकडची, तिसऱ्या वर्षाला. अभ्यासात मधली, अक्षर कोंबडीच्या पायाचं. जानेवारीत आमच्या मुली गंगापूर रोडच्या एका केंद्रात कामाला जात होत्या. स्मृतिभ्रंशाची माणसं तिथे राहतात. त्यांत दिंडोरीकडच्या एक आजी होत्या. त्यांची द्राक्षबाग होती. रोज दुपारी चारच्या सुमारास त्या उठून दाराशी जात आणि दार वाजवत. बागेत मजूर आलेत, त्यांना चहा द्यायचाय, मालक ओरडतील. मालक म्हणजे त्यांचे यजमान. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि बागही विकली होती.

अशा वेळी काय करायचं, याची माझी एक यादी आहे. रुग्णाला वेळ, जागा आणि माणसं यांचं भान आणून द्यायचं. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, समोर कोण. चुकलं तर सौम्य पण ठाम शब्दांत दुरुस्त करायचं. ही यादी मी दहा-बारा वर्षांपूर्वी केली, दहा गुणांची, आणि तिच्यावर पिढ्यान्पिढ्या पास-नापास केल्या. पहिल्या दिवशी मी स्वतः प्रात्यक्षिक दाखवलं. आजींना म्हटलं, "आजी, तुम्ही बागेत नाही, केंद्रात आहात. बाग विकली. तुमचे यजमान वारले." आजी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग भिंतीला टेकून रडायला लागल्या. मी मुलींकडे वळून म्हणाले, "बघा, भान आलं."

हे वाक्य मी बोलले. ऐकणाऱ्या बारा जणी होत्या, त्यामुळे आता नाकारता येत नाही.

घोटीच्या मुलीची पाळी आली तेव्हा मी दारामागे यादी घेऊन उभी होते. आजी चारला उठल्या, दार वाजवायला लागल्या. ही जवळ गेली.

"आजी, किती जण हायेत?"

"चौदा. लवकर कर बाई."

"चौदा जणांना साखर किती लागंल? मला नाय अंदाज. आमच्याकडं भाताची शेती, लावणीला दोन वेळा चहा जातो, पण तो आई करते."

आजींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "आईने काही शिकवलं नाही का गं?" मग त्या खुर्चीवर बसल्या आणि साखर, पत्ती, आलं, सगळं सांगत बसल्या. मुलगी केंद्राच्या स्वयंपाकघरातून दोन कप चहा घेऊन आली. एक आजींना दिला, एक स्वतः प्यायली. साडेचार वाजले. दार कोणी वाजवलं नाही.

मी यादीवर लिहिलं, 'वार विचारला नाही. जागा सांगितली नाही. रुग्णाच्या भ्रमास दुजोरा दिला. ड्युटीवर चहा प्यायला.' दहापैकी दोन. रिपीट.

रिपीट म्हणजे पंधरा दिवसांचं काम पुन्हा करायचं, आणि ते नेमकं परीक्षेच्या दिवसांत येत होतं. म्हणजे परीक्षा सहा महिने पुढे. तिच्या बरोबरच्या सगळ्या पुढच्या वर्षाला जाणार आणि ही मागे राहणार. ती माझ्या टेबलाशी आली. रडली-बिडली नाही.

"मॅडम, मी खोटं कुठं बोलले? चहा तर खरंच आणला."

"भ्रमाला दुजोरा दिलास."

"पण त्या रडल्या नाहीत ना."

मी चष्म्यावरून बघत म्हणाले, "न रडणं हा निकष यादीत नाही."

ती गेली. मी दुसऱ्या वह्या तपासायला घेतल्या. अक्षर चांगलं असलेल्या वह्या आधी घेते, डोळ्यांना बरं वाटतं.

तर फिल्म. गुरुवारी, सहा तारखेला, लॅबमधल्या खाटेवरून पुतळा उचलून कोपऱ्यात उभा केला आणि उशीच्या जागी चहूबाजूंचं चित्रण करणारा कॅमेरा स्टँडवर लावला. बघणारा म्हणजे आजी. दोन भाग. पहिल्यात अयोग्य परिचारिका, दुसऱ्यात योग्य. योग्य परिचारिका कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. मी पांढरा कोट इस्त्री करून आणला होता. अयोग्यसाठी मी वर्गावर नजर फिरवली आणि घोटीच्या मुलीला म्हटलं, "तू ये. तुला सरावच आहे."

वर्ग हसला. ती पण थोडी हसली. काय करणार?

आता पुन्हा बारा तारखेला येते. हेडसेट पुसून झाले, सहा-सहा जणींनी फिल्म बघितली, आणि शेवटी मी चिठ्ठ्या वाटल्या, 'योग्य परिचारिका कोणती? पहिली की दुसरी?' हा प्रश्न म्हणजे फुकटचे गुण होते. चाळीस चिठ्ठ्या आल्या. अडतीस जणींनी लिहिलं होतं, पहिली.

मी संतापले. "लक्ष कुठे असतं तुमचं? क्रम तरी नीट वाचता येतो का? पहिली अयोग्य, दुसरी योग्य!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तुम्ही बघितलीय का घालून?"

नव्हती बघितली. फिल्म मी केली होती, तिच्यात काय आहे ते मला माहीत होतं. मी खाटेवर आडवी झाले आणि मुलींनी माझा अंबाडा सोडून डबा बांधला. तेवढ्यातल्या तेवढ्यात एकीने माझ्या केसांतल्या मेंदीचं कौतुक केलं.

मी घाईत दुसराच भाग लावायला सांगितला. दार उघडलं आणि एक पांढरा कोट माझ्याकडे चालत आला. आला तो थांबेचना. मी उशीवर, ती माझ्यावर वाकलेली. गळ्यातलं ओळखपत्र माझ्या नाकाशी हेलकावे खात होतं आणि त्याच्या वर दोन नाकपुड्या. आवाज असा की शेजारच्या वॉर्डातल्या बहिऱ्यालाही ऐकू जावा.

"आजी, मी कोण? बघा बरं."

मग ती गप्प झाली. उत्तरासाठी जागा सोडायची, हे मीच ठरवलं होतं. त्या जागेत ती नुसती बघत होती, डोळे न मिटता. मला दरदरून घाम आला.

"आज कोणता वार, आजी?"

मी अभावितपणे मोठ्याने म्हणाले, "बुधवार."

"नाही," ती म्हणाली. "आज गुरुवार. म्हणा, गुरुवार."

वर्गात हशा फुटला. चित्रण गुरुवारी झालं होतं, हे मला माहीत होतं. आज बुधवार आहे, हेही पक्कं माहीत होतं. पण तो चेहरा वाकलेलाच होता आणि हलत नव्हता.

"म्हणा ना मॅडम!" कोणीतरी ओरडलं.

आणि मी म्हणाले. "गुरुवार." तिने जावं म्हणून.

ती गेली नाही. "तुमचे यजमान वारले. आठवतंय ना?" माझे यजमान त्या वेळी अंबडच्या कारखान्यात डबा खात असणार, भाजी मीच दिली होती, गवार. तरी मी गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं. आणि तेवढं सांगून त्या बाईने काय केलं, तर मान डोलावली, खिशातून पेन काढलं आणि हातातल्या यादीवर बरोबरची खूण केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "पहिला भाग लावा."

पहिल्या भागात घोटीची मुलगी आली, स्टूल ओढलं आणि बसली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या बरोबरीला होता, म्हणजे मला मान वर करावी लागत नव्हती. "आजी, किती जण हायेत?" तिने विचारलं आणि खरंच वाट बघितली. मी चौदा म्हटलं नाही. तेवढं भान होतं. पण सांगावंसं वाटलं.

डबा काढला तेव्हा माझे केस तोंडावर आले होते. घोटीची मुलगी तिसऱ्या बाकावर खाली बघत होती. तिला नक्की वाटलं असणार की आता हेही तिच्यावरच येणार. तो अंदाज चुकीचा नव्हता; बावीस वर्षं तसंच होत आलं होतं. मी म्हटलं, "तास संपला. केस बांधा सगळ्यांनी." आणि हेडसेट पुन्हा पुसायला बसले. दुसरं काही सुचलं नाही. रिपीटची यादी गुरुवारी दुपारी वर पाठवायची होती. एकदा गेली की तिच्यात बदल होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी मूल्यमापनाची वही घेऊन प्राचार्य मॅडमच्या दारात उभी होते. त्या अजून पर्स ठेवत होत्या.

"गुण बदलायचेत," मी म्हटलं.

"तुम्ही? बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही तुमच्या वहीत."

"करायला हव्या होत्या, मॅडम. राहून गेल्या."

त्यांनी वही पुढे घेतली. "कारण लिहावं लागेल."

मी दोनवर एकच रेघ मारली, शेजारी सही केली आणि लिहिलं, 'निकषांची यादी चुकीची होती. यादी मी केली होती.'

"दुसरं वाक्य काढा. वही वर तपासायला जाते."

"जाऊ दे."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, सही केली आणि रिपीटच्या यादीतून नाव कमी केलं. मी मुलीला वर्गातून बाहेर बोलावलं. ती अंबाडा चाचपत आली; माझ्या हाकेने मुलींचा हात आधी तिथेच जातो.

"तुझं रिपीट रद्द झालं. परीक्षेचा फॉर्म आजच भर."

ती म्हणाली, "किती दिले, मॅडम?"

"सात."

"दहापैकी सातच?"

"अक्षर बघ तुझं," मी म्हटलं. "आणि त्या आजींची माफी मागायचीय मला. त्यांना कळणार नाही, माहितीये. तू चारला माझ्याबरोबर चल, आणि तिथे माझं काही चुकलं तर मध्ये बोल."

"वर्गासमोरही बोलू?"

"वर्गासमोर नको," मी म्हटलं आणि तिला तासाला पाठवलं.