हात आपटला की सोडायचं

आमच्या गच्चीवरून पोलिसांचं मैदान दिसतं. सकाळी तिथे शिपाई नुसत्या हातांनी लढायला शिकतात. एक जण दुसऱ्याचा हात पिरगाळून त्याला खाली पाडतो. खालच्याने मॅटवर हात आपटला की वरचा लगेच सोडतो, वर हात देऊन उठवतोसुद्धा. बघून बरं वाटतं. मग मनात येतं, रस्त्यावर पाडलेल्या माणसाला ही खूण कुठे माहीत असणार? हे असं शिकवणं चांगलं की वाईट, माझं काही ठरत नाही.

शेजारची वैशाली तिथेच शिकते. परवाच तिने एका दारुड्याच्या हातातला सुरा काठी न उगारता काढून घेतला. काल ती चहाला आली, तेव्हा मी कौतुकाने म्हटलं, "मला दाखव बघू." तिने हसत माझं मनगट पिरगाळलं. कळ थेट खांद्यात गेली.

"सोड गं! अगं, सोड!"

सोडलं तिने, पण जरा उशिराच. "काकू, हात आपटायचा ना!"

"आणि मी ओरडले ते ऐकू नाही आलं?"

"आलं होतं," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली.