राहेलअक्काच्या गोळ्या

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून विचारलं.

नाव माझ्या ओठांवर होतं.

"थुंकी पुन्हा पॉझिटिव्ह आली आहे," ते म्हणाले. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले की तिला पॉझिटिव्ह म्हणतात. "हा रिलॅप्स आहे. म्हणजे आजार उलटला. औषध अर्धवट सोडलं की जंतू मरत नाहीत, निबर होतात. आता आधीच्या गोळ्या लागू पडतील याची खात्री मी देत नाही. तुम्हाला नांदेडला वॉर्डात राहावं लागेल."

माझे यजमान योहान शेजारच्या खुर्चीवर फरशीकडे बघत बसले होते. नाव त्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, राहेलअक्का.

त्या वेळी मला मरणाची भीती वाटली नाही. माझ्या मनात एकच आलं, मरायच्या आधी या बाईला भर चर्चमध्ये उघडी पाडायची. दुसरं काही नको होतं.

हे मी क्षयाच्या रोग्यांसाठी लिहिते आहे. त्यातही आपल्या मंडळीतल्या रोग्यांसाठी, कारण आपल्या डोक्यावर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना करणारे पुष्कळ असतात. स्वतःबद्दल चांगलं तेवढंच लिहायचं ठरवलं तर पान कोरं राहील. म्हणून जसं झालं तसं सांगते.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. योहान उस्मानाबादच्या कचेरीत कारकून होते, ते बदलून लातूरला आले. दुष्काळ होता. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि मी दोन घागरी घेऊन धुळीत उभी राहायची. खोकला लागला तेव्हा तो धुळीचाच असणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी अंगात कणकण यायची. भाकरी नकोशी झाली. ब्लाऊज ढगळ व्हायला लागले तेव्हा योहान मला डॉक्टरकडे घेऊन गेले.

पहिल्या वेळचं निदान साधं होतं. पल्मनरी ट्युबरक्युलोसिस, म्हणजे फुप्फुसाचा क्षय. रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई आणि दीड वर्ष गोळ्या. सुयांनी कानात सतत शिट्टी वाजायची. पण दोन महिन्यांत ताप गेला, भूक लागायला लागली, आणि मी शेंगदाण्याची चटणी मागून मागून खाऊ लागले.

खरं दुखणं वेगळंच होतं. घरात माझा ताट-तांब्या वेगळा झाला. योहान बाहेरच्या खोलीत झोपू लागले. ते मी सोसलं. पण आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला असतो, तो ओठांमागून ओठांना लागत पुढे जातो. चर्चच्या वडीलमंडळींनी मला निरोप पाठवला, "बाईंनी तूर्त प्याल्याला हात लावू नये." महिन्यातून एकदा तो प्याला माझ्या नाकासमोरून शेजारणीकडे जायचा. मला भाकरीची भूक कळत होती, नवऱ्याच्या सहवासाची ओढ कळत होती. या ओढीला काय म्हणावं ते मला कळेना. देव माझ्या रांगेपर्यंत येऊन मला तेवढं टाळून पुढे जातो आहे, असं वाटायचं.

राहेलअक्का स्त्रियांच्या प्रार्थनेची पुढारीण. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. दर बुधवारी ती घरी यायची, कपाळाला तेल लावायची, आणि माझ्या डोक्याला डोकं टेकवून तासभर प्रार्थना करायची. तिच्या कळवळ्यात खोट नव्हती. हे लिहायला माझा हात आजही तयार होत नाही, पण नव्हती.

आमच्याकडे रविवारी उपदेशाआधी साक्ष देतात. ज्याच्यावर कृपा झाली त्यानं उभं राहून चार शब्द सांगायचे. मंडळी हालेलुया म्हणते आणि मग ती साक्ष सगळ्यांची होते. दिलेली साक्ष कुणी मागे घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

चौथ्या महिन्यात अक्का म्हणाली, "शालू, ताप न्हाई, खोकला न्हाई. प्रभूनं तुला बरं केलंय. उभी राहा अन् साक्ष दे. मग बघू कोण प्याला आडवतंय तुला."

मी उभी राहिले. "प्रभूनं मला पूर्ण बरं केलं," असं म्हणाले. त्याच रविवारी प्याला माझ्या हातात आला. मी प्याले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बुधवारी अक्का घरी आली. फळीवर गोळ्यांचा डबा दिसला तसा तिचा चेहरा उतरला.

"साक्ष दिलीस अन् वर गोळ्या खाऊन राहिलीस? मग साक्ष खोटी झाली की गं."

डबा तिनं प्रार्थनेच्या टेबलावर ठेवला आणि जाताना पिशवीत टाकून नेला. मी अडवलं नाही. अडवलं असतं तर प्याला पुन्हा गेला असता. खोकला परत सुरू झाला तेव्हाही तो सैतानाची परीक्षा ठरला. अक्का बुधवारच्या जोडीला शुक्रवारीही येऊ लागली. तीन महिन्यांनी पदरावर रक्त पडलं.

नांदेडच्या वॉर्डात मला कोपऱ्यातली खाट मिळाली. सकाळी सहाला नर्स यायची आणि उपाशीपोटी रिफॅम्पिसिनची लाल कॅप्सूल द्यायची. तिनं लघवी केशरी होते, घाबरू नका. पुढे कधी डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच सांगा, कारण ते औषध यकृतावर आल्याचं लक्षण असतं. मला मळमळायचं, गुडघे दुखायचे. वॉर्डात पाणी बेतानं मिळायचं, म्हणून तोंड धुतलेल्या पाण्यातच आम्ही रुमाल पिळायचो.

दिवस मोठे असायचे आणि मी ते वाया घालवले नाहीत. पडल्या पडल्या मी माझी पुढची साक्ष रचत होते. पहिलं वाक्य कोणतं, अक्काचं नाव कुठे घ्यायचं, नाव घेतल्यावर किती थांबायचं. ती तिसऱ्या बाकावर बसते, तेव्हा मी पाचव्या बाकाजवळ उभी राहीन, म्हणजे तिला मान वळवून बघावं लागेल. स्त्रियांच्या प्रार्थनेतून तिचं नाव निघावं, गाणं सुरू करताना तिचा आवाज फाटावा, बाजारात बायांनी तिला पाहून पदर सावरावा. हे सगळं मी हात जोडून मागत होते. असे शत्रू आपल्या शास्त्रातल्या भक्तांनाही होते आणि त्यांनीही काही कमी मागितलं नव्हतं, असं मी देवाला ऐकवायचे.

शेजारच्या खाटेवर उदगीरच्या महादेवीबाई होत्या. गळ्यात लिंग, तोंडात सतत शिवाचं नाव. त्यांनी एकदा विचारलं, "लई जीव लावून मागून राहिलीस. लेकराबाळासाठी होय?"

मी खरं ते सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. "अगं बाई, जावंसाठी एवढा जप! माझ्या नवऱ्यासाठी बी मी येवढा केला न्हाई."

मला राग आला. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. प्याल्यासाठी मी जेवढी तळमळले होते, तेवढीच आता अक्काच्या फजितीसाठी तळमळत होते. ओढ तीच होती, फक्त तिचं तोंड आता दुसरीकडे होतं.

वॉर्डातल्या डॉक्टरांना मी एकदा प्याल्याचं विचारलं. ते म्हणाले, "प्याल्याची एवढी काळजी नको. हा आजार पसरतो खोकल्यातून, हवेतून. बंद खोलीत तुमच्या तोंडाजवळ तास-तास कोण बसत होतं? त्यांची तपासणी करून घ्या." योहानची झाली, स्वच्छ निघाली. अक्कानं मात्र निरोप पाठवला, "माझी तपासणी प्रभू करतो."

दोन महिन्यांनी मला घरी सोडलं. मग दर महिन्याला अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला जायचं, थुंकी द्यायची, गोळ्या आणायच्या. पाचव्या महिन्यात लागोपाठ दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली. निगेटिव्ह म्हणजे जंतू दिसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. पण गोळ्या संपेपर्यंत आजार संपला असं समजू नका." कागद घडी करून मी ब्लाऊजमध्ये ठेवला. येत्या रविवारीच उभं राहायचं ठरवलं.

औषधाच्या खिडकीपाशी बायांची रांग होती. एकीनं डोळ्यांपर्यंत पदर ओढला होता. खोकत खोकत ती पुढचीला काहीतरी बोलली. तो आवाज मी कपाळाला कपाळ टेकवून तासतासभर ऐकला होता. मी पुढे जाऊन म्हटलं, "अक्का."

राहेलअक्कानं पदर खाली घेतला. गालफडं बसली होती.

मला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. अंगभर आनंद झाला.

"लातुरात समदे वळखतात म्हनून हितं येऊन राहिले," ती म्हणाली. "शालू, पाया पडते तुझ्या, कुनाला सांगू नको."

"कधीपासून?"

"झाले की तीन महिने. पर दर खेपेला घरी काय कारन सांगू? मागच्या खेपेला येनंच झालं न्हाई. तीन हप्ते गोळ्या न्हाईत."

तीन आठवडे. मी सोडल्या तशाच तिनं सोडल्या होत्या आणि तिचंही पुढे काय होणार ते मला पाठ होतं. आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. हा आजार तिला माझ्यापासून झाला होता. मी मागायच्या कितीतरी आधी, बुधवारी आणि शुक्रवारी, माझ्याच छातीनं तिचा सूड घेऊन टाकला होता.

तरी माझं पोट भरलं नाही. परतीच्या गाडीत आम्ही एकाच बाकावर बसलो आणि लोह्यापर्यंत मी हिशेब करत होते. हिचं गुपित फोडलं तर ही लाजेनं दवाखाना सोडेल आणि मरेल. गप्प राहिले तर ही खेपा चुकवत मरेल. आणि ती मेली की माझ्या हाती काय राहणार? फुलं, गाणी आणि तिच्या विश्वासाची तारीफ. एवढ्या स्वस्तात तिला सोडायची माझी तयारी नव्हती.

रविवारी मी उभी राहिले, पाचव्या बाकाजवळ. अक्कानं मान वळवली नाही.

मी म्हणाले, "मागं मी खोटी साक्ष दिली. मी बरी झाले नव्हते. मला प्याला पाहिजे होता म्हणून मी तसं बोलले. राहेलअक्कांनी माझ्या गोळ्या नेल्या आणि मी नेऊ दिल्या. त्यांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. ज्याला औषध चालू आहे त्यानं साक्ष द्यावी आणि औषधही घ्यावं."

हालेलुया कुणी म्हणालं नाही. अक्काच्या आजाराबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. निगेटिव्हचा कागद चर्चच्या पाळकसाहेबांनी स्वतः वाचून मला प्याला दिला. मनात मंडळीतल्या बहिणीचा राग ठेवून तो घ्यायचा नाही हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. मी तो न पिता शेजारणीकडे दिला. हातातून जाताना इतकं लागलं की त्यापुढे सुई काहीच नाही. पण राग घट्ट होता.

सोमवारी सकाळी मी अक्काच्या दारात गेले. "उद्यापासून सातला माझ्याकडं यायचं. दोघींच्या गोळ्या मी नांदेडहून आणणार. माझ्यासमोर गिळायच्या. नाहीतर येत्या रविवारी बाकीचं सांगेन."

"अशी धमकी देतीस व्हय गं, जावंला?"

"हाव."

डॉक्टरांनी तिचा कोर्स पहिल्यापासून सुरू केला. दीड वर्ष ती रोज आली. मी गोळ्या तिच्या तळहातावर ठेवायची, तांब्या द्यायची, आणि गिळल्या की म्हणायची, "तोंड उघडा." ती उघडायची. मी जिभेखाली बघायची. मोठी जाऊ, स्त्रियांची पुढारीण, माझ्यापुढे रोज तोंड वासून बसलेली. मला बरं वाटायचं. तिला उलटी झाली तर मी पाठ चोळायची आणि वर ओरडायची. तिचे डोळे पिवळे दिसले तेव्हा तिला ओढत दवाखान्यात नेलं, आठ दिवस तिच्या खाटेशी बसले. लोक म्हणायचे, शालूबाईंनी जावेला माफ केलं. मी त्यांना स्पष्ट सांगायची, नाही.

माझा कोर्स आधी संपला. ज्यांचा चालू आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. बरं वाटायला लागतं तोच धोक्याचा महिना असतो. देव हवाहवासा वाटेल, माणसं हवीशी वाटतील, चारचौघांच्या पंगतीत बसावंसं वाटेल. ती ओढ वाईट नाही, माझी आजही तशीच आहे. पण तिच्यासाठी खोटं बोलू नका. आणि एखाद्यावर राग असेल तर तो जपून वापरा, तोही कामाला येतो. प्रभूचे उपकार मानायचे तर मी यासाठीच मानते की त्यानं माझी मागणी मी मागितली तशी पुरवली नाही.

राहेलअक्काची शेवटची गोळी एका शनिवारी संपली. रविवारी सकाळी तिला यायचं काही कारण नव्हतं. मी सहापासून दारातच होते. केर काढते आहे असं स्वतःला सांगत होते, पण उंबरठा तीनदा झाडून झाला होता.

सातला ती आली. नेहमीच्या जागी बसली आणि तिनं तोंड उघडलं.

"अक्का, संपल्या की काल."

"ठावं हाय मला," ती म्हणाली, आणि बसून राहिली.