भावोजींचा घाटमाथा

आमच्या भावोजींइतका सह्याद्री हिंडलेला माणूस मालवणपासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही, आणि हे सगळं हिंडणं त्यांनी पडवीतल्या टेबलावर केलेलं होतं. आंबोली घाटात वळणं किती, त्यातल्या कितव्या वळणावर पाण्याची सोय आहे, आजऱ्याहून गारगोटीकडे जाताना चढ कुठे संपतो, दाजीपूरच्या बाजूला गवे रस्त्यावर साधारण किती वाजता येतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. प्रत्यक्षात ते घाट दोनदाच चढले होते, दोन्ही वेळा कोल्हापूरला कुणाच्या तरी लग्नासाठी, एस.टी.ने. आणि भावोजींना एस.टी. लागते. त्यामुळे दोन्ही वेळा सावंतवाडी सुटल्याबरोबर त्यांनी तोंडात आमसूल धरलं, डोळे गच्च मिटले आणि घाट संपल्याचं कंडक्टरने दोनदा सांगितल्यावरच उघडले. मध्ये सह्याद्री येऊन गेला म्हणतात.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालवणजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. १९९८ साली आठवीच्या वर्गात सह्याद्रीचा धडा रंगात आला असताना एका मुलीने उठून विचारलं, ''सर, तुमी थंय गेल्लास?'' दुसरा कुणी मास्तर असता तर ''खाली बस'' म्हणून मोकळा झाला असता. पण भावोजींना खोटं बोलता येत नाही. ''गेलो होतो, पण डोळे मिटून,'' असं त्यांनी खरंखरं सांगितलं आणि वर्ग तास संपेपर्यंत हसत राहिला. ते हसणं भावोजींना लागलं. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी कणकवलीहून मोटारसायकल आणली. दुचाकी लागत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. निवृत्तीला दहा वर्षं होती. तेवढ्यात एकदा डोळे उघडे ठेवून घाट चढायचा, वरची गावं पाहायची, आणि मग तो धडा एकदा तरी पाहिलेल्या माणसासारखा शिकवायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ''नायतर मी आणि पुस्तक ह्येच्यात फरक काय रे?'' असं ते मला म्हणाले, तेव्हा मी हसलो होतो.

मग दौऱ्याचं नियोजन सुरू झालं. 'सहल' हा शब्द त्यांना चालत नसे. एरवी घरात ते आमच्यासारखंच मालवणी बोलत, पण नियोजनाला बसले की पाठ्यपुस्तकातली भाषा बाहेर पडे. ''पहिल्या दिवशी आंबोली, दुसऱ्या दिवशी आजरा, तिसऱ्या दिवशी गारगोटी, चौथ्या दिवशी राधानगरी आणि पाचव्या दिवशी फोंडाघाटाने उतरून स्वगृही आगमन.'' एस.टी. हाच फेरा दीड दिवसात करते, असं मी एकदा म्हटलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नकाशे स्वतः काढायचे. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर, चार कोपऱ्यांवर चार करवंट्या ठेवून, उंचीप्रमाणे हिरवा, पिवळा, तपकिरी रंग भरत. एक नकाशा पुरा झाला की त्यात काहीतरी खटकायचं आणि दुसरा सुरू व्हायचा. वरच्या गावांतल्या शाळांना त्यांनी पोस्टकार्डं पाठवली, प्रत्येकात बारीक अक्षरात चौदा प्रश्न: रस्त्याची अवस्था कशी आहे, विहिरीचे पाणी जड आहे काय, उकडा तांदूळ मिळतो काय, वगैरे. आंबोलीपलीकडच्या एका मुख्याध्यापकांनी तेवढं उत्तर दिलं. त्यात एकच ओळ होती: ''रस्ता बरा आहे. यायचं तर या.'' भावोजींनी ते कार्ड फ्रेम करायचं तेवढं बाकी ठेवलं.

मोटारसायकलीची बडदास्त तर जावयाला मिळू नये अशी. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून रोज संध्याकाळी गाडी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुऊन तिच्या चकचकीत भागांना खोबरेल लावायचे. ताई म्हणायची, ''माज्या केसांक तेल नाय, आणि गाडयेक बघ!'' खोबरेलाच्या वासाने गावातले कुत्रे गाडीमागे चालत जायचे. धावायची त्यांना गरज नव्हती, कारण भावोजी ताशी पंचवीसच्या वर कधी गेले नाहीत. घाटाचा सराव म्हणून देवळाकडच्या घाटीवर त्यांनी एका रविवारी रंगीत तालीम केली. पुढे एक बोचकं, मागे ताई, ताईच्या मांडीवर दुसरं बोचकं, अशा थाटात ते दहा वेळा चढले आणि दहा वेळा उतरले. तिसऱ्या फेरीपासून बघायला गर्दी जमली, सातव्या फेरीला कुणीतरी ताईला पाणी नेऊन दिलं. अकराव्या फेरीआधी ती उतरली ती पुन्हा त्या गाडीवर बसली नाही. तेव्हापासून मागच्या सीटवर माझी नेमणूक झाली.

एवढी तयारी असून निघणं का होत नव्हतं, असं कोणी विचारेल. तर त्याला आमच्याकडचं वर्ष कारण आहे. पावसाळ्यात घाट बंद धरा. पाऊस ओसरतो तोवर चतुर्थी येते. मग म्हाळवस म्हणजे पितृपक्ष, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न. ते झालं की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेतला दशावतार सोडून गेलं तर लोक काय म्हणतील, यापेक्षा आपल्याला काय वाटेल हा प्रश्न. त्यानंतर शाळेचं स्नेहसंमेलन, मग शिमगा, मग परीक्षा, मग आंबे, आणि आंब्यांच्या मागोमाग मुंबईहून चाकरमानी. शिवाय मासळी होतीच. पाच दिवस ताज्या मासळीवाचून काढायचे तर श्रावण उत्तम, तेव्हा तशीही तोंडाला कुलपं असतात. पण श्रावणात आंबोलीला समोरचा माणूस दिसत नाही, मग देखावा कुठला? हा पेच त्यांनी तीन वर्षं सोडवला आणि शेवटी सुके बांगडे बरोबर न्यायचे ठरवले.

बांगड्यांचा प्रश्न सुटला तो एका गंभीर प्रकरणात अडकण्यासाठीच. आमच्याकडे मोठं काम काढायचं तर आधी ग्रामदेवतेचा कौल घेतात. गुरव देवाच्या मूर्तीला उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शंभरातली नव्याण्णव माणसं विचारतात, जाऊ की नको? भावोजी पडले नियोजनवाले. त्यांनी पाच दिवसांचे पाच कौल मागितले. गुरवाने तोंड वाकडं केलं, पण मास्तरांचा मान होता. आंबोली उजवी. आजरा उजवी. गारगोटी, राधानगरी, दोन्ही उजव्या. भावोजी हळूहळू फुलत चालले होते. पाचव्या दिवशी फोंडाघाटाने उतरून घरी यायचं काय, म्हणून विचारलं आणि पाकळी डावी पडली.

जायला देवाची हरकत नव्हती, फक्त परत यायला होती. ताईने तिथेच डोळ्याला पदर लावला. ''म्हणजे तुमी थंयच ऱ्हवतलास?'' एका म्हाताऱ्या मानकऱ्याने चौकशी केली. परत येण्याचा रस्ता बदलून पुन्हा विचारू या, असं भावोजी चाचरत म्हणाले, तेव्हा मात्र गुरव भडकला. ''मास्तरांनू, देवाक सगळा एकदम इचारूचा असता. असे तुकडे करून इचारलास तर देव पण घोटाळतलो!'' त्यानंतर सहा वर्षं दौऱ्याचं नाव ताईसमोर काढायची सोय राहिली नाही. भावोजी नकाशे काढायचे, पण रंग भरायचे नाहीत. आठवीच्या वर्गात दर जुलैत सह्याद्रीचा धडा यायचा आणि जायचा. निवृत्तीचं वर्ष उजाडलं, तेव्हा नकाशेही थांबले, आणि त्या एका गोष्टीने ताई हलली. ती कुणाला न सांगता एका सकाळी देवळात गेली आणि गुरवाला म्हणाली, ''एकच इचार. ह्येंका एकदा जावन येवंदेत काय?'' पाकळी उजवी पडली. घरी येऊन तिने सुक्या बांगड्यांचा डबा काढला आणि भावोजींसमोर ठेवला. ''जावा,'' म्हणाली, ''पण देवाक सांगलंय तसे येवा.''

अशा रीतीने २००८ च्या जानेवारीत आम्ही निघालो. सामानाची यादी चार पानी होती: दोन छत्र्या, सुंभ, आमसुलं, उकडे तांदूळ, पंक्चर काढायचं सामान, खोबरेल, गव्यांसाठी बॅटरी. त्यातली प्रत्येक वस्तू मी स्वतः बांधली आहे, म्हणून सांगतो, यादीत चूक नव्हती. आंबोली घाट आम्ही पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने चढलो. प्रत्येक वळणावर भावोजी गाडी थांबवून नकाशाशी ताळा जमवत, आणि ताळा जमला की रस्त्याला शाबासकी दिल्यासारखी मान हलवत. डोळे सताड उघडे. वर पोचलो, मुख्याध्यापकांचं घर शोधलं, तर ते गृहस्थ दारातच म्हणाले, ''तुम्हीच व्हय ते चौदा प्रश्नवाले? या की. लई वर्षं लावलासा.''

सूर्य कलला आणि आम्हाला काहीतरी होऊ लागलं. आधी वाटलं, दमणूक असेल. मग माझे दात वाजायला लागले. भावोजी अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात, दोन्ही हात काखेत घालून, ओटीवर उभे होते आणि त्यांचा चेहरा काही वेगळाच झाला होता. चार पानांच्या यादीत गरम कपडा एकही नव्हता. असणार कुठून? आमच्या किनाऱ्यावर स्वेटर घरात असतो तो तान्ह्या मुलाचा. 'समुद्रसपाटीपासून उंची वाढत जाते, तसतसे तापमान कमी होत जाते,' हे वाक्य भावोजींनी तीस वर्षं दर जुलैत फळ्यावर लिहिलेलं होतं, खाली रेघ ओढून. परीक्षेत ते कारणे द्या मध्ये हमखास यायचं. आणि तो माणूस छत्री घेऊन डोंगरावर आला होता.

मुख्याध्यापकांच्या बायकोने आतून दोन वाकळी आणल्या, जुन्या लुगड्यांच्या, जाड, धुराचा वास येणाऱ्या. भावोजींना तिने कानावरून लपेटून चुलीपुढे बसवलं आणि विचारलं, ''खाली थंडी नसती व्हय?'' भावोजी म्हणाले, ''असते. म्हणजे... नसते.'' आणि मग एकाएकी हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पुढचे चार दिवस आम्ही त्या वाकळींत बसून मोटारसायकल चालवली. आजरा, गारगोटी, राधानगरी, सगळं पाहिलं, गवे तेवढे वेळापत्रकाप्रमाणे आले नाहीत. पाचव्या दिवशी फोंडाघाटाने उतरलो. अर्ध्या घाटात हवा ऊबदार झाली तशी भावोजींनी गाडी थांबवली, वाकळ उतरवली, पुन्हा शंभर पावलं वर चढून गेले, पुन्हा खाली आले. असं तीनदा केलं. मी मागे बसून होतो. काय करताय, म्हणून विचारावंसं वाटलं नाही.

सह्याद्रीचा धडा जुलैतच होऊन गेला होता. म्हणून फेब्रुवारीत त्यांनी उजळणीच्या नावाखाली आठवीचा एक तास मागून घेतला. काही कामासाठी मी मालवणात होतो, त्यांच्याबरोबर घरी जायला शाळेत गेलो आणि व्हरांड्यात थांबलो. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. भावोजी टेबलाच्या कडेला टेकून, काखेत हात घालून, कसे कुडकुडलो ते करून दाखवत होते, आणि वर्गात ते मालवणी बोलतायत हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं. ''अर्ध्या घाटात एक जागा आसा. थंयसून शंभर पावलां वर गेलास की हातावर काटो येता, खाली इलास की जाता. जमीन तीच, झाडां तीच. फक्त तुमी वर गेलास.'' मुलं हसत होती, पण वेगळं हसत होती. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. एक पोरगा स्वतःच्या हातावरचे केस बघत बसला होता.

बाहेर आल्यावर भावोजी माझ्याआधीच पायऱ्या उतरून चालू लागले. मला वाटलं, कृतार्थ वगैरे झाले असतील. दहा वर्षांत त्यांना हवं होतं ते झालं होतं, आणि शाळेत आता त्यांचे थोडे दिवस उरले होते. गाडीजवळ आल्यावर ते किल्ली हातात धरून नुसतेच उभे राहिले.

''आदल्या पोरांका मी काय शिकयलंय रे इतकी वर्सां?'' ते म्हणाले.

त्यांचे विद्यार्थी आता गावोगाव संसाराला लागले होते. त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा काही शिकवता येणार नव्हतं. भावोजींना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, ''सगळी पास झाली की, भावोजी. एकसुद्धा भूगोलात नापास नाही.''

''पास झाली रे,'' ते म्हणाले. ''पण थंडी खंय गावली तेंका?''